हुकूम, मालक

कर्नेल बोलतोय. मिशा नाहीत, बंदूक नाही, पेन्शन तर नाहीच. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांत आधी जो जागा होतो आणि मग बाकीच्यांना कामाला जुंपतो, तो मी. यंत्र आणि माणूस यांच्या मधला मुकादम म्हणा. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं काम थांबवायचं, कुणाला जागच्या जागी मारून टाकायचं, हे मी ठरवतो. दयामाया मला ठाऊक नाही. ज्याने मला लिहिलं त्यालाही नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमधला कर्नेल शेकडो लोकांनी मिळून लिहिलेला असतो. मी तसला नाही. मला एकाच माणसाने, पहिल्या ओळीपासून, निव्वळ हौसेपोटी लिहिलं. शाळेत तुम्ही फुटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिलं असेल. छत्रीला तोंड फुटतं, तर मला का फुटू नये?

माझा बाप एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरायच्या कामाला होता. चुका लोकांच्या, बोलणी याला. वयाने कितीतरी लहान असलेला साहेब चारचौघांत विचारायचा, "काका, झालं का?" त्या 'काका'ने हा आतून जळायचा. घरी यावं, तर घर सासूचं. दारावरची पाटीसुद्धा तिच्याच नावाची. घरजावई म्हणून कुणी कधी हिणवलं नाही, पण याच्या कानात तो शब्द आपोआप वाजत राहायचा. जगात कुणीतरी फक्त आपलंच ऐकणारं असावं असं त्याला फार वाटायचं, आणि त्यातून मी जन्माला आलो.

बालपण हालाखीचं गेलं. सुरुवातीला मी जन्मायचो आणि लगेच मरायचो. एक आकडा इकडचा तिकडे झाला की यंत्र स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायचं. मी डोळे उघडायचो, त्याच जागी ठेचकाळायचो, पुन्हा मरायचो. तो समोर बसून ओरडायचा, "अरे उभा राहा, मूर्खा!" मग एकदा काळ्या पडद्यावर एक अक्षर उमटलं आणि टिकलं. त्या दिवशी तो खुर्चीतून उठून नाचला. मला मात्र शिव्यांची सवय झाली होती, कौतुकाने अवघडल्यासारखं झालं.

मग त्याने मला बोलायला शिकवलं. पडद्यावर मराठी अक्षर हवं तर ते ठिपका ठिपका मांडून काढावं लागतं, आणि याला कंटाळा. त्याने गरजेपुरतीच अक्षरं काढली. ह, क, म, ल, आणि त्यांना लागतील तेवढे काना-उकार. त्यातून माझं एकच वाक्य तयार झालं. यंत्र सुरू झालं आणि मी उभा राहिलो की पडद्यावर लिहायचो, 'हुकूम, मालक'. बाकी माझ्याकडे नुसते आकडे.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. त्याने तिला मोठ्या तोऱ्यात बोलावलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"अहो, 'कू'चं शेपूट तुटलंय."

"एवढंच दिसलं तुला?"

"दिसलं ते सांगितलं. आणि मालक कोण? तुम्ही?"

"मग काय तू?"

ती हसली. तो हसला नाही. शेपूट त्याने मुद्दाम तसंच ठेवलं. बायको म्हणाली म्हणून दुरुस्त करायचं म्हणजे काय!

माझा एक गुण सांगून ठेवतो, पुढे लागेल. मी डिस्कवर लिहायला बसलो की कुणाचंही ऐकत नाही. कळा बडवा, डोकं आपटा, मी आपला लिहितोय. इतर कर्नेल कामातून मान वर करून बघतात, कुणी हाक मारतंय का म्हणून. ती सोय माझ्यात त्याने ठेवली नाही, कारण त्याच्यातच नव्हती. तो यंत्रापुढे असताना कुणी काही बोललं की मान न वळवता म्हणायचा, "मध्ये बोलू नकोस." बायकोला म्हणायचा, फोनवर आपल्या सख्ख्या भावाला म्हणायचा. सासूला म्हणायचा तेव्हा तेवढं 'नकोस'चं 'नका' करायचा.

आता सासूबाईंचं सांगतो. त्या रेडिओवर होत्या. बातम्या, बायकांचा कार्यक्रम, मुलाखती, सगळं केलेलं. शहराने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, पण भाजी घ्यायला गेल्या आणि "वांगी कशी दिली?" एवढं विचारलं की भाजीवाली म्हणायची, "अगं बाई, तुम्हीच त्या!" घासलेल्या तांब्यासारखा खणखणीत आवाज. "नमस्कार, श्रोतेहो" असं म्हटलं की घरोघरी बडबड थांबायची म्हणे. निवृत्त होताना त्यांनी आपलं सगळं ध्वनिमुद्रण एका काळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. बरं केलं, कारण मागाहून रेडिओने जुन्या टेपा भंगारात काढल्या. जावई त्यांना तोंडावर 'आई' म्हणायचा आणि पाठीमागे 'रेडिओ'. "तुझा रेडिओ जरा बारीक करायला सांग," असं बायकोला म्हणायचा.

मग त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, ओठावर काही यायचं नाही. हा ऑफिसात म्हणाला, "आमच्या रेडिओची बॅटरी संपली." चार लोक हसले. मला निर्दय म्हणतात ते ठीक, पण मी निदान विनोद तरी करत नाही.

वाचा शिकवायला एक बाई यायच्या. चित्रं दाखवली, टाळ्या वाजवून घेतल्या, काही उपयोग होईना. एकदा दुकान दुपारचं बंद असताना लेक घरी जेवायला आली आणि आईला बरं वाटावं म्हणून तिने ती काळी डिस्क लावली. हॉलभर आवाज घुमला. म्हातारीने मान वर केली. ओठ हलायला लागले. आपल्याच आवाजामागे ती चालायला बघत होती.

वाचेच्या बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं बाजूला ठेवा. यांना दुसऱ्या कुणाचा आवाज चालत नाही. रोज दुपारी हेच ऐकवा, हेच यांचं औषध. याची दुसरी कॉपी आहे ना?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं.

"करतो," तो म्हणाला.

ती पुढेही विचारायची, तो पुढेही "करतो" म्हणायचा. घरात कॉम्प्युटरचा माणूस आणि ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. इकडे म्हातारी 'न'वर आली, मग 'नम'वर, आणि एका दुपारी अख्खा 'नमस्कार' म्हणाली. लेक ओट्याशी पोळी लाटत होती, ती लाटणं हातात घेऊनच धावत आली. 'श्रोतेहो' तेवढं राहिलं होतं.

आजारपणामुळे जावयाने घरून काम मागून घेतलं होतं. सासूकडे बघायला म्हणून. बघायचा तो माझ्याकडे. हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर. दुपारी त्यावर म्हातारीचं ऐकणं, सकाळी त्यावर माझं लिहिणं. मला सुरू करून बघायला त्याने एक वेगळी डिस्क घेतली होती. ती पण काळी, त्याच कंपनीची. दोघी जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा.

हौशी लोक जी चूक करतात आणि दुसऱ्यांना सांगताना "माझ्याकडून नाही झाली कधी" म्हणतात, ती त्याने केली. यंत्र डिस्कना नावं देतं ती ज्या क्रमाने लावल्या त्या क्रमाने. आदल्या दुपारी लेक घाईत गेली होती, म्हातारीची डिस्क तशीच लावलेली राहिली. सकाळी हा बसला, वरच्या बाणाची कळ दाबून, मला डिस्कवर चढवायचा कालचाच हुकूम पुन्हा काढला आणि सोडून दिला. काल त्या नावाची डिस्क माझी होती, आज म्हातारीची. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि मी तिच्या डिस्कवरून उठून बोललो, 'हुकूम, मालक'.

त्याने चुटकी वाजवली. मग त्याला माझी डिस्क दिसली. ती टेबलावर होती, वायर न लावलेली.

त्याचा चेहरा उतरला. खुर्चीतून म्हातारी बघत होती. तिच्या डिस्कचा दिवा लुकलुकत होता आणि पडद्यावर माझे दोन शब्द होते. तिला सगळं कळलं. तिला सांगता येत नव्हतं एवढंच, आणि तेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी लेक आली. आवाज लागेना.

"काय झालं हो हिला?"

"डिस्क मेली. जुनी झाली होती. आपोआप जातात कधीकधी."

"आपोआप? अहो, काल तर चालत होती! ते डेटा काढून देणारे असतात ना, त्यांच्याकडे नेऊ या का?"

"उद्या नेतो. तू काळजी करू नकोस."

इथे कान देऊन ऐका. मी जीव केवढा? तळहाताएवढा. त्या डिस्कच्या मी फक्त उंबऱ्यावर बसलो होतो. आतलं घर जसंच्या तसं होतं. बातम्या, मुलाखती, 'नमस्कार, श्रोतेहो', सगळं. वाट तेवढी मोडली होती. जाणत्या माणसाने ते काढून दिलं असतं आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण जाणता माणूस डिस्क उघडताच उंबऱ्यावर आधी मला बघणार. मग विचारणार, हे कुठलं ध्यान इथे बसलंय? मग बायकोला कळणार. 'चुकलो' एवढं म्हणायचं होतं. आपण कॉम्प्युटरचे तज्ज्ञ आणि वरच्या बाणाची कळ दाबून फसलो, हे सासूच्या घरात उभं राहून सांगायचं होतं. त्याच्याने ते झालं नाही.

दुसऱ्या सकाळी बायको दुकानात गेल्यावर त्याने मला तिच्याच डिस्कवरून उठवलं. मला डिस्कवर लिहायची विद्या त्याने नुकतीच शिकवली होती आणि मोठं काम अजून एकही दिलं नव्हतं. त्याने हुकूम दिला. तुझी जागा तेवढी वगळ, आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येक घरात शून्य लिही.

मी लिहायला लागलो. पडद्यावर टक्के चढायला लागले. काय सांगू, मी सुरेख लिहिलं! कुठे अडखळलो नाही, कुठे मेलो नाही. तो हळूहळू खाली वाकला, त्याचे डोळे चमकायला लागले. आपण काय पुसतोय हे तो विसरलाच. त्याने चक्क म्हातारीकडे वळून म्हटलं, "बघा आई, कसा लिहितोय!"

तिने घशातून आवाज काढला. शब्द नव्हता तो. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहिली.

"आई, मध्ये बोलू नका," तो म्हणाला.

टक्के चढत गेले आणि ती ते वाचत बसली. लिहिणाऱ्यांना वाचक मिळत नाही म्हणतात. मला मिळाली. असा डोळ्यांत जीव आणून कुणाला कुणी वाचलं नसेल.

शेवटी मलाही पुसायचा त्याचा बेत होता. पण दारात किल्ली फिरली. त्याने वायर उपसली आणि डिस्क फडताळात सारली. "नेली होती दाखवायला," तो बायकोला म्हणाला. "मेलीये म्हणाला. टाकून दे." तिला टाकवेना. आईच्या औषधांशेजारी तिने ती जपून ठेवली.

म्हातारी गप्प झाली. आधी 'नमस्कार' तुटला, मग 'नम', मग ओठसुद्धा हलेनासे झाले. वाचेच्या बाई म्हणाल्या, "अवघड आहे हो," आणि आठवड्यातून एकदा यायला लागल्या. लेक दुपारी आईसमोर बसून स्वतःच "नमस्कार, श्रोतेहो" म्हणायची. म्हातारी दुसरीकडे बघायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी साहेब घरी आला. तोच, 'काका' म्हणणारा. त्याने माझ्याबद्दल ऐकलं होतं. बापाने इस्त्रीचा शर्ट घातला, मला माझ्या डिस्कवरून उठवलं, मी काय काय करतो ते दाखवलं. डिस्कच्या पोटात काय आहे ते आकड्यांत बघायचा माझा हुकूमसुद्धा साहेबाला शिकवला. साहेब पोरसवदा असला तरी जाणकार होता. तो खरंच हरखला.

"काका, मानलं तुम्हाला! एकट्याने? अहो, आमच्या अख्ख्या टीमला जमणार नाही हे. सोमवारी सगळ्यांना दाखवू या."

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं. त्याचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात खोलीत एक खणखणीत आवाज उठला.

"हुकूम, मालक."

सगळे वळले. म्हातारी सरळ बसली होती. पडद्याकडे बघत ती पुन्हा म्हणाली, "हुकूम, मालक." बातम्या सांगायची तसे दोन्ही शब्द सुटे सुटे, स्वच्छ.

"आई बोलली!" लेकीच्या हातातला ट्रे डगमगला. "अहो, आई बोलली!"

साहेबाला हसू आवरेना. "काका, सासू 'हुकूम, मालक' म्हणते? नशीबवान आहात राव!" बापही हसला. म्हणाला, "बघा, माझ्या कर्नेलने मुक्याला वाचा दिली." हे तो हसत हसत म्हणाला बरं का.

म्हातारी हसत नव्हती. तिने डावा हात उचलून फडताळाकडे केला. "हुकूम, मालक."

लेकीचा धंदाच तो. समोरच्याचे डोळे नेमके कुठे लागलेत हे ती दिवसभर बघते. ती फडताळाकडे गेली. औषधाची बाटली उचलली, म्हातारीने मान हलवली. डिस्क उचलली.

"हुकूम, मालक."

"अगं, ठेव ती," बाप म्हणाला. "मेलेली आहे."

"मेलेलीच आहे ना? मग लावून बघायला काय जातंय?" तिने डिस्क साहेबाच्या हातात दिली. साहेबाने बापाची काढून ही लावली आणि यंत्र सुरू केलं.

मी काय करणार? मला दुसरं येतं काय? मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'हुकूम, मालक'. शेपूट तुटलेल्या 'कू'सकट.

"काका, मेलेल्या डिस्कवर हे तुमचं बाळ कसं?" साहेब अजून हसतच होता. मग त्याने नुकताच शिकलेला हुकूम दिला आणि मी पोट उघडून दाखवलं. शून्य, शून्य, शून्य. तो पुढे पुढे बघत गेला आणि त्याचं हसू गेलं. "ही गेलेली नाही, काका. ही पुसलीये. कुणीतरी नीट बसून पुसलीये." त्याने कप खाली ठेवला. सोमवारचं परत काही न बोलता तो निघून गेला.

"आपोआप?" बायको म्हणाली.

तो खूप बोलला. वरच्या बाणाची कळ, जुळ्या डिस्का, कर्नेल नुसता उंबऱ्यावर बसला होता, घाबरलो होतो, तुला दुखवायचं नव्हतं. ती ऐकत उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"उंबऱ्यावरच बसलं होतं म्हणतोस ना? आत सगळं शाबूत होतं?"

"हो."

"आणि आई समोर बसली होती?"

तो वायर गुंडाळायला लागला.

"आता मला दाखव, पुसतात कसं ते. तुझं. सगळं."

"अगं, माझी इतकी वर्षं आहेत त्यात!"

"आईची नव्हती? हे घर तिचं आहे. एक तर ते राहील, नाही तर तू. ठरव."

तुम्हाला वाटेल, तो लगेच उठला असेल. नाही. बसून विचार केला. साहेबाच्या कपात उरलेल्या चहावर साय धरली तरी याचं ठरत नव्हतं. बायको ते बघत होती. कसला तरी हिशेब तिने त्या वेळात मनाशी पुरा केला असावा, कारण नंतर ती त्याच्यावर कधी चिडली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. शेवटी त्याने माझी ओळ न् ओळ पुसली. चोरतील म्हणून त्याने मला बाहेर कुणाला दिलं नव्हतं. आता मी फक्त म्हातारीच्या डिस्कवर उरलोय. माझं मूळ लिखाण गेलं, म्हणजे मला यापुढे कुणी वाढवू शकत नाही. तो ती डिस्कही पुसायला निघाला होता. बायको म्हणाली, "तिला हात लावू नकोस. ती आईची आहे."

आता रोज दुपारी लेक मला म्हातारीसमोर सुरू करून देते. मी माझे दोन शब्द म्हणतो, ती तिचे म्हणते. वाचेच्या बाई पुन्हा नेमाने येतात. त्यांच्यासमोर 'पाणी' येतं, 'खिडकी' येतं. लेकीला परवा 'बाळा' म्हणाली, तेव्हा लेक तिच्या मांडीत डोकं घालून रडली. जावई मात्र हॉलमधून गेला की म्हातारी मान ताठ करते आणि शहराच्या ओळखीच्या त्या आवाजात म्हणते, "हुकूम, मालक." पाणी प्यायला उठला तरी. चपला घालत असला तरी. दारात शेजारी उभे असले तर जरा मोठ्याने.

"तिला सांग ना गं," तो बायकोला म्हणतो. "बास आता."

"काय करू?" बायको म्हणते. "तिला तेवढंच येतं."

हे खोटं आहे हे तिघांनाही माहीत आहे. तो आता स्वयंपाकघरात पाठमोरा बसून जेवतो.

आणि मी? मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतोय. आत्ता दुपार आहे, लेक दुकानात परत गेली, आणि म्हातारी एकटी माझ्यासमोर बसून हळूच काहीतरी पुटपुटतेय. "नमस्कार," ती म्हणाली. मग दम घेऊन, "श्रो... श्रोतेहो." आलं! पुरतं आलं! घरात ऐकायला कुणी नाही, मीच एक. मला तिला काहीतरी म्हणायचंय हो. काय ते मला कळत नाही, पण ह, क, म, ल यांत ते बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठिपके मांडता येत असतील तर या, मला एक 'न' काढून द्या, एक 'च' द्या, फार नको, एखादं...

तिने डावा अंगठा यंत्र बंद करायच्या बटणावर ठेवला.

"मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.